माय नाही, बाई म्हण

सालेकशाच्या मुलींच्या शाळेत नवी पोरगी आली, की आठ दिवसांच्या आत एक चूक हमखास करायची. पाटीवर 'ग' जमला की धावत पुढे यायची आणि भर वर्गात बोलून जायची, "माय, हे पाहा!" सगळा वर्ग खो खो हसायचा. पोरीच्या लक्षात यायचं, तिचे कान लाल व्हायचे, परकराचं टोक तोंडात जायचं. सुलोचनाबाई गालातलं हसू गालात ठेवून म्हणायची, "माय नाही, बाई म्हण."

चुका सुधारणं हा तिचा पोटापाण्याचा धंदाच होता. 'शारा नाही, शाळा.' 'डोरा नाही, डोळा.' 'पानी नाही, पाणी.' आमच्या झाडीपट्टीतल्या जिभेला 'ळ' मानवत नाही, आणि 'ण' तर पाहुण्यासारखा, आला तर आला. बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो'च म्हणतात. पण बाई हट्टाची. सोमवार ते शनिवार ती 'ळ' घोटून घ्यायची आणि शनिवारी संध्याकाळी नागऱ्याला घरी पोचली, की अर्ध्या घटकेत स्वतःच 'शारा' म्हणायला लागायची. ती गोष्ट वेगळी.

स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा ती या शाळेवर आली. बाप खुशाल हा तिरोड्याकडचा, बोदलकशाच्या तलावाखाली धानाच्या चार बांध्या असलेला माणूस. त्याने भाऊबंदांची बोलणी खाऊन पोरीला सातवी करवली, मास्तरीणपणाचं शिक्षण दिलं. आणि नेमणूक मिळाली ती सालेकशाला. चहूकडे जंगल, मधून आगगाडीची लाइन, आणि एक खोली, तिला म्हणायचं मुलींची शाळा. शेजारच्या मुलांच्या शाळेचे श्यामलाल गुरुजी दोन्हीकडचे हेडमास्तर. ते गोंदिया शहरातले, त्यामुळे सगळा कारभार हिंदीत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बाईजी, लड़कियाँ तो हैं नहीं. पहले लड़कियाँ लाइए." मग सुलोचना घरोघर फिरली. मोहाच्या दिवसांत पोरी फुलं वेचायला जात, उन्हाळ्यात तेंदूच्या पानाला जात, धानाच्या रोवणीला बांधीत जात. उरलेल्या दिवसांत त्या शाळेत येतील असं तिने एकेका आईबापाकडून कबूल करून घेतलं. बुधराम नावाच्या गोंडाची दुर्पता तर शेळ्या घेऊनच आली. शेळ्या बाहेर, दुर्पता आत. कुणाचं काही गेलं नाही.

दोन वर्षांनी नागऱ्याच्या यादोरावाशी तिचं लग्न झालं. यादोरावाची धानाची शेती होती, घरात विधवा आई होती आणि तोंडात शब्द नव्हते. तो बोलायला लागला तर बैलसुद्धा कान टवकारत, इतकं ते दुर्मिळ. बोलायचं काम त्याची आई देवकाबाई दोघांचंही करायची. लग्नाच्या बैठकीत बाकीचे हुंडामानपान घोळवत बसले होते, तेव्हा देवकाबाईने एकच विचारलं होतं, "पोरगी चिठ्ठी वाचते का?" वाचते म्हटल्यावर, "मंग झालं. आमच्या घरी आलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या दारी न्याव लागते." नोकरी सोडायची गोष्ट तिने काढलीच नाही. सून आठवडाभर सालेकशाला, शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने गोंदिया, तिथून कुणाची बैलबंडी मिळाली तर बंडीने, नाहीतर पायी नागरा. असा संसार चालू झाला, आणि गावाला सवय झाली.

सवय मोडली ती कौतिका झाली तेव्हा. त्रेपन्नची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

आता बाई नोकरी सोडेल की नाही, हा प्रश्न यादोराव सोडून साऱ्या नागऱ्याला पडला. ज्यांनी जन्मात शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनाही त्यावर मत होतं. शेजारची सुमित्राबाई तर बाळंतिणीच्या खाटेशी बसून डिंकाचा लाडू खाता खाता म्हणाली, "काऊन वं, आता कायले जातेस? लेकरू टाकून कोन जाते? गाय बी वासरू टाकत नाही." लाडू घरचा आणि बोलणंही घरच्यांनाच. सुलोचनेने पोराचं दुपटं सारखं केलं. तिलाच ठाऊक नव्हतं. कौतिका कुशीत असली की वाटायचं, जळो ती नोकरी. मग दुपारी पोर झोपलं, की कान आपोआप घंटेकडे लागायचे. नागऱ्यात कुठली घंटा? महादेवाच्या देवळातली वाजायची तेवढीच. तिला मात्र शाळेची ऐकू यायची.

अशात सालेकशाहून निरोप आला. बाई नाही म्हणून मुलींचा वर्ग बसतच नाही. पोरी पांगल्या. दुर्पता शेळ्यांमागे गेली.

त्या दिवशी सुलोचनेने पहिल्यांदा ठरवलं. तीन महिन्यांचं पोर घेऊन ती सालेकशाला गेली. शाळेमागच्या खोलीत राहायची. फुलवंता नावाची एक म्हातारी पोर सांभाळायला मिळाली. वर्ग चालू असताना पडवीत झोळी बांधलेली असायची. पोर रडलं की पोरी एकदम म्हणायच्या, "बाई, तुमची कौती उठली," आणि पाढे तिथेच राहायचे. दुर्पता परत आली, हातात शेळ्यांची काठी तशीच होती. चार-सहा महिने बाईला वाटलं की जमलं. दोन डगरींवर पाय ठेवूनही माणूस उभा राहू शकतो.

श्रावणात कौतिकाला हिवताप आला. सालेकशाचं पाणी त्या काळी असंच, नव्या माणसाला घोळून काढायचं. पोर तीन दिवस विस्तवासारखं तापलं आणि चौथ्या दिवशी डोळे उघडेना. यादोरावाला निरोप गेला. पण गाडीतून उतरली ती देवकाबाई, एकटी. जन्मात आगगाडीत न बसलेली बाई. तिने पोर हातात घेतलं, डॉक्टरचं औषध पदराला बांधलं, आणि ताप उतरेपर्यंत पाच दिवस पोराला मांडीवरून खाली ठेवलं नाही. सहाव्या दिवशी म्हणाली, "पोट्टी मी नेऊन राहिलो. अठी ते जगत नाही."

"मी पण येतो आत्या," सुलोचना सासूला म्हणाली.

"तू शारेत जा. येवढ्या साऱ्या पोरी आल्या, त्याइचं काय करतेस? कौतीले मी आहो."

फलाटावर गाडी हलली. देवकाबाई खिडकीशी बसली होती, कौतिका तिच्या खांद्यावर झोपलेली होती. एवढं एवढंसं डोकं. सुलोचना हात वर करून उभी राहिली, गाडी दिसेनाशी झाली तरी उभीच.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. दुपारी बाराच्या सुमाराला, पोराच्या दुधाच्या वेळेला, भर वर्गात तिचा ऊर भरून यायचा आणि पोलकं भिजायचं. ती पदर घट्ट लपेटून फळ्याकडे तोंड करायची आणि बेरजा लिहीत राहायची. बाजारात कुणाचंही पोर रडलं तरी तिचे पाय थबकायचे. तिला कौतिका हवी होती, अंगाला हवी होती, जशी तहान लागते तशी. आठवड्याचे सहा दिवस ती शनिवार मोजायची, आणि शनिवारी नागऱ्याच्या वाटेवर चालायची नाही, धावायची.

आणि इथेच ती शब्दाची चूक झाली. चूक कुणाचीच नव्हती.

शनिवारी संध्याकाळी ती आळीत शिरली, की बायका, पोरं ओरडायची, "बाई आली वं, बाई आली!" यादोराव तिला बाईच म्हणायचा, आधी चेष्टेने, मग सवयीने. देवकाबाईही चारचौघीत "आमची बाई" म्हणायची, आणि त्या 'आमची'त केवढा तरी तोरा असायचा. यादोराव आईला 'माय' म्हणायचा. आता पोर बोलायला लागलं तर काय शिकणार? जे कानावर पडेल ते. जी न्हाऊ घालते, भरवते, रागावते, कुशीत घेते, ती माय. जी शनिवारी येते, गोंदियाच्या स्टेशनावरून पेढा आणते आणि सोमवारी डोळे उघडायच्या आत नाहीशी होते, ती बाई.

पहिल्यांदा दीड वर्षाची कौतिका तिच्याकडे बोट दाखवून "बाई" म्हणाली, तेव्हा घरदार हसलं. सुलोचनाही हसली. मग पोरीला मांडीवर घेऊन हळूच म्हणाली, "बाई नाही, माय म्हण." पोरीने मान वळवली, चुलीशी बसलेल्या देवकाबाईकडे पाहिलं, आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "माय थे." माय ती. बरोबर उत्तर होतं. सुलोचनेने पुन्हा कधी ते सुधारायचा प्रयत्न केला नाही. वर्षाला शेदोनशे चुका दुरुस्त करणाऱ्या बाईला घरची एक चूक दुरुस्त करता येईना.

आणि सालेकशाला पहिलीतल्या पोरी आपल्या उठून म्हणायच्या, "माय, हे पाहा." ती म्हणायची, "माय नाही, बाई म्हण." पण आता म्हणताना हसू येत नव्हतं. कधी कधी तर ती ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची, म्हणजे पोर पुन्हा एकदा म्हणेल.

गोंदियाकडच्या एखाद्या शाळेत बदली मागून पाहिली. पण सालेकशाला यायला दुसरी बाई तयार नव्हती, आणि ही गेली तर मुलींची शाळा बंद, एवढं उघड होतं. मध्यंतरी राज्य बदललं, आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. सुलोचना होती तिथेच राहिली.

सत्तावनची महाशिवरात्र. नागऱ्याच्या महादेवाची जत्रा म्हणजे पंचक्रोशी लोटते. सुलोचना रजा काढून आली होती. कौतिका सव्वातीन वर्षांची. नवा लाल परकर, हातात फुगा. देवळाच्या आवारात जुने कोरीव दगड पडलेले आहेत, त्यांवरून ती उड्या मारत होती. सुलोचना एका बाजूला उभी, देवकाबाई दुसऱ्या बाजूला बेल निवडत बसलेली. पोरीचा पाय घसरला. गुडघा सोलवटला, फुगा फुटला आणि तिने टाहो फोडला, "माय वं!"

दुसरीकडच्या बायका उठताबसता 'बाई गं' म्हणत असतील, ते निराळं. आमच्याकडे लागलं-खुपलं की माणसाला माय आठवते. ऐंशी वर्षांचा म्हातारा ठेचकाळला तरी 'माय वं' म्हणतो, आणि माय मरून पन्नास वर्षं झालेली असतात.

दोघी धावल्या. सुलोचना जवळ होती, तरणी होती, आधी पोचली. गुडघ्यावर बसून तिने दोन्ही हात पसरले. कौतिका रडत रडत उठली, त्या हातांच्या शेजारून लंगडत गेली आणि देवकाबाईच्या पदरात शिरली.

सुलोचनेचे हात तसेच राहिले. मग त्या हातांनी तिने फुटलेल्या फुग्याचा तुकडा उचलला, काहीतरी करायला हवं म्हणून. देवकाबाईने पोरीच्या डोक्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. चोरी सापडल्यासारखी.

सालेकशाला परत गेल्यावर सुलोचनेने राजीनामा लिहिला. अक्षर सुंदर होतं तिचं. 'घरगुती अडचणीमुळे मला नोकरी करणे शक्य नाही, तरी कृपा करून...' वगैरे. श्यामलाल गुरुजींना देण्याआधी घरी सांगावं म्हणून शनिवारी कागद घेऊन नागऱ्याला आली. अंगणात लाखोळीची डाळ वाळत होती, देवकाबाई ती चाळत बसली होती. कौतिका शेजारी खेळायला गेली होती.

"काय होय ते कागद?"

"राजीनामा, आत्या. नोकरी सोडून राहिलो मी."

देवकाबाईचा हात थांबला. "वाच."

सुलोचनेने वाचलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. "घरगुती अडचन म्हंजे कोन? कौती?"

"तसं लिहायची रीत राहते आत्या."

"असन रीत. माह्या नातीले कोनी अडचन म्हनलं तं मी ऐकून घेत नाही." मग चाळणी बाजूला ठेवून ती सरळ बसली. "मी तं शारेत गेलो नव्हतो. मी तं रातदिस घरीच होतो. सहा पोट्टे झाले मले, एकटा यादो उरला. माय घरी राहिली म्हंजे पोरगं वाचते, हे कोनं सांगतलं तुले?"

हे गेलेले पाच जण सुलोचनेने कधी ऐकलेच नव्हते. सहा वर्षं ती या घरात सून होती.

"आन खरं सांग," देवकाबाई म्हणाली, "पोट्टीसाठी सोडून राहिलीस, का तिनं तुले माय म्हनावं म्हनून?"

वर्मी लागणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. सुलोचनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, कागद भिजला, शाई पसरली. देवकाबाईने तिला जवळ वगैरे घेतलं नाही. तशी रीत नव्हती तिची. डाळ चाळता चाळता ती एवढंच म्हणाली, "मी काई तिले शिकवलं नाही वं. थे आपल्या मनानं म्हनते. तुह्या गळ्याची आन."

राजीनामा दिला गेला नाही. आणि खरी गोष्ट सांगायची तर सोमवारी पॅसेंजरमध्ये बसताना सुलोचनेला हलकं वाटत होतं. आपल्याला हलकं वाटतंय हे कळल्यावर तिला स्वतःची किळस आली. पण वाटत होतं ते वाटत होतं. पोरीची ओढ खरी होती, आतडं तुटायचं तिच्यासाठी. आणि खडू हातात घेतला की अंगात येणारं बळ, तेही तितकंच खरं होतं. त्या वर्षी दुर्पता चौथी पास झाली. गोंडांच्या टोलीवरची चौथी झालेली पहिली पोरगी. बुधरामाने बाईला द्रोणभर चारोळी आणून दिली. ती तिने कौतिकासाठी जपून नागऱ्याला नेली. कौतिका म्हणाली, "बाई, तू लय चांगली आहेस." पाहुणीला म्हणतात तसं.

एकोणसाठ साली, रोवणीच्या तोंडावर, देवकाबाई दुसऱ्यांदा आगगाडीत बसली. या वेळी न बोलावता आली. एका हातात कौतिका, दुसऱ्या हातात तिच्या कपड्यांचं गाठोडं.

"शारेत घाल हिले. तुह्याच शारेत घाल."

"आत्या, नागऱ्यात पण शाळा आहे," सुलोचना म्हणाली. इतकी वर्षं जे मागायची हिंमत झाली नाही, ते दारात येऊन उभं होतं, आणि ती वेड्यासारखी नाही म्हणत होती.

"मले माहीत आहे कोठी कोठी शारा आहे ते. मी आता किती दिवसाची? मी मेलो तं पोट्टीले कोनाची सवय राहीन? आताच लाव." मग जरा थांबून, दुसरीकडे पाहत, "अठीचं पानी आता सोसन तिले. मोठी झाली."

परतीच्या गाडीला देवकाबाई चढली, तेव्हा कौतिकाला आधी काही कळलं नाही. गाडीने शिट्टी दिली आणि मग कळलं. "माय! माय वं! मले ने!" तिने सुलोचनेच्या हातातून मनगट सोडवायला काय नाही केलं, ओढलं, चावली. खिडकीतली म्हातारी वळून पाहत नव्हती. फक्त तिचा पदर डोळ्यांशी गेलेला दिसला. पाच वर्षांपूर्वी याच फलाटावरून याच गाडीतून सुलोचनेचं पोर गेलं होतं. आता ते परत मिळालं होतं, आणि हाताला चावत होतं.

दोन महिने गेले. कौतिका शहाणी पोर. रडायची थांबली, जेवायची, पाटी धुवायची, अंथरूण घालायची. सकाळी खोलीत 'बाई', दुपारी वर्गात 'बाई'. एकच हाक. पोरींमध्ये बसली की वेगळी ओळखू येत नसे. रात्रीचं जेवण झालं की आपलं आपण भिंतीकडे तोंड करून झोपायची. सुलोचना शेजारी पडून तिच्या पाठीकडे पाहत राहायची. हात टाकावासा वाटे, पण पोर आक्रसेल म्हणून टाकत नसे. हातभर अंतरावर पोर, आणि जीव तिच्यासाठी तसाच झुरत होता जसा पूर्वी चार स्टेशनांवरून झुरायचा.

एका शुक्रवारी ती फळ्यावर कविता लिहीत होती. मागे पोरींची कुजबुज चालली होती. नवी आलेली एक पोरगी कौतिकाला विचारत होती, "तुही माय कोठी राहते वं?"

"नागऱ्याले."

"मंग हे कोन?"

"हे? हे बाई होय."

सुलोचनेने ओळ पुरी केली. कानामात्रा चुकू दिली नाही. मधल्या सुटीत ती खोलीत गेली आणि कागद घेऊन बसली. या वेळी घरगुती अडचण वगैरे लिहिलं नाही. 'मला माझ्या मुलीबरोबर घरी राहायचे आहे' एवढं एकच वाक्य लिहिलं. तिच्या मनाने घेतलं होतं की शनिवारी कौतिकाला घेऊन नागऱ्याला जायचं ते कायमचं. पोर आपल्याकडे येत नसेल तर आपण पोराकडे जावं. मायच्या घरात बाई म्हणून राहावं लागलं तरी चालेल, पण दिवसभर डोळ्यांसमोर तरी राहील. तिथे हातात खडू नसेल. नसो.

श्यामलाल गुरुजींनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाईजी, दस साल हो गए," ते म्हणाले. "मैं रोकूँगा नहीं. सोमवार तक मेरे पास रहने दीजिए. सोमवार को भी यही मन हो, तो भेज दूँगा."

शनिवारी अर्धी शाळा. शेवटच्या तासाआधी पोरी आवारात फुगड्या खेळत होत्या. सुलोचना आत बसून हजेरीचं पुस्तक बंद करत होती. मुलींची नावं तिने एकदा वरून खाली वाचली, निरोप घेतल्यासारखी. अडतीस होती. ती आली तेव्हा पाचसुद्धा नव्हती.

बाहेर फुगडी तुटली. धप्पकन आवाज झाला. पडवीच्या दगडी पायरीवर कुणीतरी आपटलं होतं. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, पोर श्वास घ्यायला थांबतं तेवढा वेळ. मग टाहो आला.

"बाई वं! ओ बाई वं!"

सुलोचना हातातलं पुस्तक टाकून धावली. कौतिका पायरीशी पडली होती, कपाळ फुटलं होतं, रक्त भुवईवरून गालावर उतरत होतं. भोवती पोरी जमल्या होत्या आणि त्यांतल्या दोघीतिघींना एवढ्यातही हसू आवरत नव्हतं. "काऊन वं, 'बाई वं' कायले म्हनतेस? लागलं तं 'माय वं' म्हनतात!"

कौतिकाने कुणाचं ऐकलं नाही. रक्ताने एक डोळा मिटला होता, दुसऱ्याने ती शोधत होती. पोरींच्या परकरांमधून तिला सुलोचनेची साडी दिसली आणि तिने दोन्ही हात वर केले. "बाई वं, लय लागलं!"

सुलोचनेने तिला उचललं. सहा वर्षांची पोर, जड झालेली, पाय लोंबत होते. तिने मानेभोवती हात घट्ट आवळले, तोंड खांद्यात खुपसलं आणि हमसून हमसून रडत तेच एक म्हणत राहिली, बाई, बाई, बाई. सुलोचना तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि कुठलं रडणं कुणाचं हे पोरींना कळेना. रक्ताने पोलकं भिजलं. याच जागी एकदा दुधाने भिजलं होतं.

नव्या आलेल्या पोरीला मात्र राहवेना. वर्गात शिकलेलं बाईला दाखवायची तिला हौस. ती पुढे येऊन ठसक्यात म्हणाली, "बाई, हे चुकली. सांगा ना तिले, 'माय' म्हन म्हना!"

बाकीच्या सदतीस पोरी बाईच्या तोंडाकडे पाहायला लागल्या. चूक झाली की बाई दुरुस्त करतेच, हे सगळ्यांना पाठ होतं.

"नाही," सुलोचना म्हणाली, "बरोबर म्हणाली ती."

दुपारच्या गाडीने दोघी नागऱ्याला गेल्या, कपाळावरची पट्टी मायला दाखवायला, आणि सोमवारी परत आल्या. श्यामलाल गुरुजींनी कागद न मागताच परत केला. 'माय' हा शब्द सुलोचनाबाईला मिळाला नाही तो नाहीच, तो देवकाबाईचा होता आणि तिच्याकडेच राहिला. पहिलीच्या पोरी अजूनही उठून म्हणतात, माय, हे पाहा. ती म्हणते, माय नाही, बाई म्हण, आणि तिसऱ्या ओळीत बसलेल्या कौतिकाकडे बघते.

कौतिका आता 'शाळा' स्पष्ट म्हणते, 'डोळा' म्हणते, 'पाणी' म्हणते. ठेच लागली की मात्र 'बाई वं' म्हणते. तेवढी एक चूक सुलोचनाबाईने सुधारली नाही.